राऊटरचं बारसं

नेटवर्कच्या पेट्यांना किल्ल्यांची नावं देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रात राहून हे बोलणं जरा धाडसाचंच, पण ऐका.

माझ्या आधीच्या कंपनीत सगळे राऊटर म्हणजे किल्ले. तोरणा, पुरंदर, सिंहगड... ऐकायला झकास! पण रायगड आणि राजगड रोमन लिपीत लिहून बघा. फरक एका अक्षराचा, इथे आय आणि तिथे जे. रात्री दोन वाजता फोनवर "रायगड रीस्टार्ट कर" असं ऐकलेल्या एका पोरानं राजगड बंद केला, आणि धडधाकट चालणारी शाखाही गेली. सकाळी बोलणी खाल्ली त्या पोरानं. नावं ठेवणाऱ्याला कोणी नावं ठेवली नाहीत! संतांची नावं घ्यावीत तर ज्ञानेश्वर डीने सुरू करायचा, जीने की जेने, यावरच मीटिंग.

१९९० च्या आरएफसी ११७८ मध्ये थीम घेऊन नावं ठेवायची शिफारस आहे, हे मान्य. पण ती कॉम्प्युटरसाठी. राऊटरच्या प्रत्येक इंटरफेसला वेगळा आयपी असतो आणि ट्रेसराऊटमध्ये त्यातलाच एखादा दिसतो. त्याचा रिव्हर्स रेकॉर्ड नसेल तर समोर नुसते आकडे. म्हणून नावात इंटरफेस, पेटीचं काम आणि गाव हवंच. 'एक्सई-०-०-१.कोअर१.पीएनक्यू' वाचलं की कळतं, पुण्याचा पहिला कोअर राऊटर, अमुक पोर्ट. (मूळ इंटरफेसच्या नावात तिरक्या रेघा असतात, त्या होस्टनेममध्ये चालत नाहीत. अंडरस्कोअरही नाही. अक्षरं, आकडे, हायफन, बस्स.)

गावासाठी विमानतळाचे कोड उत्तम. १९९५ साली इंग्रजीतलं बॉम्बे जाऊन मुंबई आलं, कोड मात्र अजून बीओएमच. मॉडेलचं नाव घालू नका. तीन वर्षांनी त्याच नावाखाली भलतीच पेटी बसलेली असते.

"अहो, पण चोराला आयता नकाशा मिळेल ना!" असं कोणीतरी म्हणतंच. मग बाहेर दिसू नये ते आतल्या डीएनएसमध्ये ठेवा. कोड्यातल्या नावांनी चोर अडत नाही, आपलाच नवा माणूस अडतो.

आणि हे सगळं पहिली पेटी यायच्या आधी एका पानावर लिहून काढा. नंतर नाव बदलायचं म्हणजे डीएनएस, मॉनिटरिंग, बॅकअप, केबलवरची लेबलं... बसा शोधत.