उड्डाण न करण्याचा धीर

विमान म्हणजे वेग, आणि वेग म्हणजे सुधारणेचा विजय, असें समीकरण आपल्या मनांत पक्कें बसलें आहे. त्याची कसोटी पाहावयाची असेल तर वाचकांनीं क्षणभर आमच्याबरोबर अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोम या लहानशा गांवीं यावें.

हें गांव सुमारें ६४॥ अंश उत्तर अक्षांशावर, ध्रुववृत्ताच्या थोडें दक्षिणेस, बेरिंग समुद्राच्या कांठीं आहे. बाकीच्या प्रांताशीं त्यास जोडणारी सडक नाहीं, आगगाडी नाहीं. हिंवाळ्यांत समुद्र गोठला म्हणजे जहाजेंहि थांबतात. मग टपाल, औषध, ताजी भाजी आणि आजारी माणूस या सर्वांचा भार एका विमानतळावर पडतो.

तेथें वैमानिक प्रथम पाहतो तें हवामानाचें निवेदन. वारा कोणत्या दिशेचा व किती, किती अंतरावरचें दिसतें, ढग किती उंचीवर आहेत, हवेचें तपमान किती व दंवबिंदु किती, एवढाच त्यांतील मुख्य मजकूर. पण त्यावर सर्व अवलंबून असतें. तपमान व दंवबिंदु जवळ आले कीं धुकें पडण्याचा संभव. बर्फाळ जमीन आणि पांढरें आभाळ एक झालें म्हणजे क्षितिजच नाहींसें होतें. थंडीचे चमत्कार निराळेच. दाट हवेंत पंखांस आधार चांगला मिळतो हें खरें. परंतु हवेच्या दाबावर चालणारें उंचीमापक यंत्र कडक थंडींत खऱ्यापेक्षां अधिक उंची दाखवितें. डोंगर खालीं आहे असें यंत्र सांगतें, आणि तो प्रत्यक्षांत फार जवळ असतो!

सर्वांत मोठा वैरी म्हणजे पंखांवर सांचणारें बर्फ. ढगांतील जलकण शून्य अंशाखालीं जाऊनहि पुष्कळदां द्रवरूपच राहतात, आणि विमानाचा स्पर्श होतांच गोठतात. त्यानें वजन वाढतें इतकेंच नव्हे, तर पंखाचा आकार बिघडून त्याची उचलण्याची शक्ति कमी होते. १९२६ सालीं आमुंडसेन यांचें 'नॉर्गे' हें हवाई जहाज उत्तर ध्रुवावरून नोमकडे येत असतां अशाच धुक्याबर्फांत सांपडलें. तेव्हां मंडळींनीं हट्ट न धरतां अलीकडेच टेलर या वस्तीपाशीं तें उतरविलें.

त्यापूर्वीं एक वर्ष, १९२५ च्या जानेवारींत, नोममध्यें घटसर्पाची सांथ आली. प्रतिविष हवें होतें, आणि फेअरबँक्स येथें विमानेंहि होतीं. परंतु तीं उघड्या बैठकीचीं, हिंवाळ्यापुरतीं सुटीं करून ठेवलेलीं. विमान धाडावें असा आग्रह पुष्कळांनीं धरला. गव्हर्नर बोन यांनीं मात्र कुत्र्यांच्या गाड्यांवर भरंवसा ठेवला. वीस गाडीवानांनीं आळीपाळीनें ६७४ मैलांचें अंतर साडेपांच दिवसांत तोडून २ फेब्रुवारीस औषध पोंचविलें. विमान वादळांत पडतें तर औषधहि गेलें असतें आणि मुलेंहि.

आतां यंत्रें फार सुधारलीं, तरी निसर्गाचा नियम बदललेला नाहीं. ६ फेब्रुवारी १९२५ नव्हे, २०२५ रोजीं, उनालाक्लीटहून नोमकडे येणारें एक लहान विमान समुद्रावरील बर्फांत कोसळून दहाहि माणसें गेलीं. बर्फ धरण्याजोग्या हवेंत जितक्या वजनाची परवानगी होती त्याहून सुमारें एक हजार पौंड भार अधिक होता, असें चौकशीच्या प्राथमिक अहवालांत नमूद आहे. एवढ्यावरून अपघाताचें कारण ठरत नाहीं. पण मर्यादा कशासाठीं आंखलेल्या असतात हें मात्र कळतें.

आपल्या भाषेंत धीर हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. धीर म्हणजे धैर्य, आणि धीर धरणें म्हणजे वाट पाहणें. दोहोंस एकच शब्द योजणाऱ्या पूर्वजांनीं विमान पाहिलें नव्हतें, तरी नोमच्या वैमानिकास जें शिकावें लागतें तें त्यांना ठाऊक होतें. धाडसानें वर जाणाऱ्याची वाहवा सर्वत्र होते. सामान बांधून बसलेल्या उतारूंचा रोष सोसून "आज नाहीं" म्हणणाऱ्याची वाहवा कोणी करीत नाहीं. आणि तोच त्या सर्वांस सुखरूप घरीं पोंचवितो.

आजकाल आपल्याहि घरोघरचीं मुलें विमानानें येतात जातात. धुक्यामुळें विमान चार तास खोळंबलें कीं घरांत त्रागा सुरू होतो. अशा वेळीं वडीलधाऱ्या मंडळींनीं रागावण्यापूर्वीं एवढेंच मनांत आणावें कीं, कोणी तरी जबाबदार माणूस आपल्याच मुलाकरितां धीर धरून बसला आहे. ताट झांकून ठेवावें. अन्न पुन्हां ऊन करतां येतें.