गुंठाभर जागेचा प्रश्न



ऊसनोंदीसाठी फिरताना बांधाकडेच्या खोपटात एक सालगडी भेटला. घरकुलाच्या यादीत नाव आलंय, पण स्वतःची जागा नाही, म्हणून काम अडलेलं. प्रधानमंत्री आवास योजनेतून २०१६ पासून सपाट भागात बांधकामाला १ लाख २० हजार मिळतात. जागेसाठीही दीनदयाळ उपाध्याय योजनेचे अर्थसाहाय्य आहे. पण विकणार कोण?

पूर्वी तुकडेबंदीकडे बोट दाखवता येई. २०२४ च्या नियमांनी घरकुलासाठी १००० चौरस फूट, म्हणजे गुंठ्याहूनही थोडी कमी जमीन, जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने देता येते. एकरी ४० टन धरले तर गुंठ्यात ऊस एक टन. (बांध कोरण्यावरून आपण याहून जास्त घालवतो!) गावठाणालगतच्या सभासदांनी एवढी जागा रास्त दराने द्यावी. कागदपत्रांसाठी आमच्या गट ऑफिसात या, अर्ज मी स्वतः भरून देईन.