आधी पडायला शिका!

दोस्तांनो, नोव्हेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या वायुसेनानगरात हवाई कसरती झाल्या. हवाई दलाच्या ‘आकाशगंगा’ चमूचे जवान पॅराशूटनं अलगद उतरले. आता “मलापण उडी मारायचीय!” असं तुम्ही घरी म्हणालात, तर आईचा चेहरा कसा होईल, ते मला ठाऊक आहे!

पण वाट आहे बरं का. कॉलेजात एनसीसीत जा. निवड झालेल्या छात्रांना आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवतात. तिथं आधी काय शिकवतात? पडायला! पाय-गुडघे जुळवलेले, गुडघे किंचित वाकवलेले. जमिनीला टेकताच कुशीवर लोळायचं. म्हणजे धक्का पाऊल, पोटरी, मांडी, कंबर आणि पाठीची एक बाजू यांत वाटला जातो. नुसत्या घोट्यानं तो झेलायला गेलात, की घोटा मोडलाच! (गच्चीवरून करून बघू नका हं.)

पॅराशूट उघडायची काळजी नसते. त्याचा पट्टा विमानातल्या तारेला अडकवलेला असतो, तोच ते उघडतो. शिवाय छातीशी दुसरं, राखीव पॅराशूट. तुम्ही फक्त दार सोडायचं. खरी परीक्षा तीच!

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली. आयुष्यातली पहिलीच! भीती त्यांनाही वाटलीच असेल की.

तर सध्या रोज धावायला लागा. आणि हो, आईबाबांच्या संमतीशिवाय काही जमायचं नाही. तेव्हा हे पान आज त्यांनाही वाचायला द्या.