पबची पायरी चढताना

भगिनींनो, मुलगा किंवा लेक इंग्लंडला असली की आपलं तिकडे दोन-चार महिने जाणं होतं. पहिले आठ दिवस लंडन बघण्यात निघून जातात. पुढे काय? मुलं कामावर, नातवंडं शाळेत आणि आपण घरात एकट्या. मग शनिवारी जावई म्हणतात, "आई, चला, खेड्यात फिरायला जाऊ. तिथल्याच पबमध्ये जेवू." ‘पब’ हा शब्द ऐकताच आपण म्हणतो, "तुम्ही या जाऊन, मी आपली घरीच बरी!"

असं मुळीच करू नका. पब म्हणजे ‘पब्लिक हाउस’. आपल्याकडच्या गुत्त्याचं चित्र डोळ्यांपुढून काढून टाका. खेड्यातला पब म्हणजे थोडी खाणावळ आणि थोडी चावडी. एका टेबलाशी कुणी आजीबाई सूप पीत असतात, दुसऱ्याशी लेकरंबाळं जेवत असतात, खाली कुत्रं झोपलेलं असतं. जुलै २००७ पासून इंग्लंडात आत सिगारेट ओढायलाही बंदी आहे.

अर्थात बायकांना हा मान आयता मिळालेला नाही, बरं का! लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर ‘एल व्हिनो’ नावाचं मद्यगृह होतं. तिथे बायकांनी बारपाशी उभं राहून काही मागायचं नाही, मागच्या खोलीत बसायचं, असा नियम होता. टेस गिल आणि ॲना कूट या दोघी त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि १९८२ साली अपिलात जिंकल्या. तेव्हा आपण कशाला संकोच करायचा?

आता फिरण्याचं. पहिल्या खेपेला कॉट्सवोल्ड्स भागातलं बोर्टन-ऑन-द-वॉटर निवडा. गावातून विंडरश नदी वाहते, तिच्यावर दगडी ठेंगणे पूल आहेत. तिथून लोअर स्लॉटरपर्यंत शेतांच्या कडेनं सपाट पायवाट जाते. सावकाश चाललं तरी साधारण पाऊण तास. नावानं दचकू नका. ‘स्लॉटर’चा मूळ अर्थ चिखलाची जागा असा सांगतात, कत्तलीशी त्याचा संबंध नाही!

कुणाच्या शेतातून कसं जायचं, असं वाटेल. पण ‘पब्लिक फुटपाथ’ अशी पाटी असली की तो सर्वांचा हक्काचा रस्ता. शेतमालक अडवू शकत नाही. अशा वाटांचे नकाशे करण्याची जबाबदारी १९४९ च्या कायद्यानं तिथल्या कौन्सिलांवर टाकली. पिवळा बाण दिसला की समजावं, वाट पायी चालणाऱ्यांची आहे. फाटक मात्र जसं उघडं किंवा बंद असेल तसंच ठेवा. गाय दिसली की आपला हात नमस्काराला जातो, पण वासरू जवळ असेल तर लांबूनच नमस्कार करा. कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या चढताना साडी पायात येते, म्हणून सलवार-कमीज बरी. पायांत घट्ट बूट हवेत आणि पिशवीत रेनकोट. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं, तेव्हा हिवाळ्यात सकाळीच निघा. खेड्यात बस कमी असतात. परतीची वेळ आधी पाहून ठेवा.

पबमध्ये शिरताना बुटांचा चिखल पुसा. बहुतेक ठिकाणी वेटरची वाट पाहून उपयोग नसतो. टेबलाचा नंबर बघायचा, बारपाशी जाऊन सांगायचं आणि लगेच पैसे द्यायचे. बारपाशी टिप ठेवायची रीत नाही. दुपारचं स्वयंपाकघर अनेक ठिकाणी दोन-अडीचला बंद होतं, म्हणून वेळेत पोहोचा. चहा, लाइम-सोडा, एल्डरफ्लॉवरचं सरबत खुशाल मागा. कुणी वळूनसुद्धा पाहत नाही. सायडर मात्र सफरचंदाचा साधा रस नव्हे, त्यात दारू असते. शँडीतही बिअर असते.

शाकाहारी असाल तर भाजलेला बटाटा मागवा. नाहीतर ‘प्लाउमन्स लंच’ घ्या. त्यात पाव, चीज, कांदा आणि आंबटगोड लोणचं असतं. आपल्या भाकरी-कांद्याचा गोरा चुलतभाऊच म्हणा ना! त्यात हॅम नको म्हणून आधीच सांगा. चिप्स कशात तळतात तेही विचारा, कारण काही ठिकाणी गोमांसाची चरबी वापरतात.

जावयांनी ग्लासभर बिअर मागवली तर तोंड वाकडं करू नका. गाडी तेच चालवणार असतील तर मात्र, "आज तुम्हीही लाइम-सोडाच घ्या," असं हसून सांगायचा तुमचा अधिकार आहे.

घरी आल्यावर पाय दुखले तर कोमट पाण्यात मीठ टाकून दहा मिनिटं बुडवून बसा. आणि पुढच्या शनिवारी कुठे जायचं, ते तुम्हीच ठरवा.