दत्तकाच्या दोन फायली

व्यापारी घराण्यांना दत्तकविधान नवीन नाही. पेढीला वारस नसला की भावाचा अथवा चुलत भावाचा मुलगा दत्तक घ्यावयाचा आणि पेढीचे नाव पुढे चालवावयाचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा जैनांनाही लागू असल्याने तिला कायद्याचा आधार आहे. त्या रीतीत गरज घराण्याची असे. कुळाला मुलगा हवा असे. आज परदेशी स्थायिक झालेले मुलगा-सून भारतातील अनाथ बालक दत्तक घेऊ पाहतात, तेव्हा प्रश्न उलट बाजूने विचारला जातो. गरज बालकाची असते. त्याला घर हवे असते. हा फरक ध्यानी आला नाही तर पुढची सारी कागदपत्रे जाचक वाटू लागतात. पती किंवा पत्नी यांपैकी एकास जुनाट आजार असेल, तर ती अपमानास्पदही वाटतात.

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. सोलापुरात कापडाची पेढी आहे. धाकटा मुलगा व सून अमेरिकेत, दोघेही तेथील नागरिक झालेले. मुलाचे वय 39, सुनेचे 37. सुनेला चौदाव्या वर्षापासून टाइप 1 मधुमेह आहे. प्रौढ वयात अनेकांना जडणारा आणि पथ्याने पुष्कळसा आटोक्यात राहणारा मधुमेह हा नव्हे. या आजारात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते रोज, आयुष्यभर, बाहेरून घ्यावे लागते. लग्नाच्या वेळी ही गोष्ट सासरच्या चार माणसांपलीकडे जाऊ दिली नव्हती. आजही समारंभात जेवणापूर्वी सूनबाई आतल्या खोलीत जाऊन इंजेक्शन घेऊन येते.

या दांपत्याने भारतातून बालक दत्तक घेण्याचे ठरविले. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, 2022 च्या नियमांत वयाची अट आहे. दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी पती-पत्नींच्या वयांची बेरीज 85 पेक्षा अधिक नसावी. दोन ते चार वर्षांच्या बालकासाठी 90 पेक्षा अधिक नसावी. येथे बेरीज 76 होती. उत्पन्न, घर, वैवाहिक स्थैर्य, सारे ठीक होते. अडले ते आरोग्याच्या कागदाशी.

नियम म्हणतो की पालकांना जीवघेणा आजार नसावा. मात्र कागदपत्रांच्या यादीत जे वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले जाते, त्यात पालकांना दीर्घकालीन, संसर्गजन्य किंवा प्राणघातक आजार नाही आणि ते दत्तक घेण्यास सक्षम आहेत, अशा आशयाचे शब्द असतात. मधुमेह आटोक्यात असला तरी दीर्घकालीन आहेच. सासूबाई फोनवर सहज म्हणाल्या, “कागदावर कशाला आणतेस, बेटा? आपले डॉक्टरसाहेब घरचेच आहेत. सही करून देतील.”

थोड्या वेळाने त्यांनीच काळजीने विचारले, “पण बाळाची प्रकृती कशी आहे, हे तरी ते लोक खरेखुरे सांगतील ना?”

सून म्हणाली, “सांगतात, आई. बाळाच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल आधी पाठवतात. तो वाचून आम्हाला सही करावी लागते. आजार असेल तर तोही त्यात लिहिलेला असतो.”

सासूबाई यावर काही बोलल्या नाहीत. एका सौद्यात दोन वह्या ठेवता येत नाहीत, हे व्यापाऱ्याच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही.

दत्तकाच्या व्यवहारात फायली दोन असतात, एक बालकाची आणि एक पालकांची. बालक स्वतःची चौकशी करू शकत नाही. त्याच्या वतीने ती शासनाला करावी लागते. 1993 चा हेग दत्तक करार याच तत्त्वावर उभा आहे. भारताने तो 2003 मध्ये स्वीकारला. त्याच्या 15 व्या कलमानुसार पालकांच्या देशाने त्यांच्याविषयीचा जो अहवाल पाठवावयाचा, त्यात कौटुंबिक व वैद्यकीय पूर्वेतिहास असावाच लागतो. अमेरिकेत ‘होम स्टडी’ करणारा समाजकार्यकर्ता घरी येतो, घरातील प्रौढ माणसांशी बोलतो, आजाराविषयी विचारतो. खरी माहिती देण्याचे बंधन पहिल्या अर्जापासून प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत राहते. पुढे कधी लपवालपवी उघडकीस आली, तर अर्ज फेटाळण्यास तेवढे कारण पुरते. मग प्रश्न मधुमेहाचा राहत नाही, पतीचा आणि पत्नीचा शब्द खरा मानावा की नाही, असा होतो.

ताळेबंदात संभाव्य देणी टीप म्हणून दाखवावी लागतात. ती दाखविल्याने पेढी बुडत नाही. लपविल्याने पत बुडते. येथेही मार्ग तोच. तज्ज्ञ डॉक्टरांचे सविस्तर पत्र घ्यावे. आजाराचे निदान कधी झाले, उपचार कोणते, गेल्या काही वर्षांतील एचबीए1सी तपासणीचे आकडे काय, डोळे व मूत्रपिंडे यांवर परिणाम झाला आहे काय, बालक मोठे होईपर्यंत त्याचा सांभाळ करण्याची क्षमता आहे काय, हे त्यात स्पष्ट असावे. ‘जीवघेणा’ आणि ‘दीर्घकालीन’ या दोन शब्दांतील अंतर अशा पत्रानेच समजावून देता येते. तरीही निर्णय यंत्रणेचा असतो आणि नकार येऊ शकतो, हे आधीच मनाशी धरावे. प्रत्येक देशाची फूटपट्टी वेगळी असते. चीनने 2007 मध्ये परदेशी पालकांच्या प्रकृतीविषयी कडक अटी घातल्या, त्यात वजनाचीही मर्यादा होती. 2024 मध्ये तर नात्यातील दत्तक वगळता परदेशी दत्तक बंदच केले.

डॉक्टरांच्या पत्राइतकाच महत्त्वाचा आहे तो कुटुंबाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न. पती कामावर, घरी आई आणि तीन वर्षांचे मूल. अशा वेळी आईची साखर अकस्मात उतरली तर? शर्करामापक यंत्राची सूचना पतीच्या मोबाइलवर जाते काय? शेजारणीकडे किल्ली आहे काय? तातडीचे ग्लुकागॉन कसे द्यावे, हे घरात दुसऱ्या कोणास ठाऊक आहे काय? हे प्रश्न समाजकार्यकर्त्याने विचारले म्हणून रागावू नये. जामीन मागणारा सावकार ऋणकोचा अपमान करीत नाही. रकमेची काळजी करतो. येथे तर रकमेच्या जागी जीव आहे.

दुसरी तरतूद पालकत्वाची. एकल पालकाकडून, त्यास काही झाल्यास बालकाचा सांभाळ करण्याविषयी, नातेवाइकाची लेखी हमी घेतली जाते. जोडप्यातील एकास जुनाट आजार असल्यास ती न मागताच तयार ठेवावी. मृत्युपत्रात पालक कोण, हे नावानिशी लिहावे आणि त्या माणसाची संमती आधी घ्यावी. आयुर्विम्याचा अर्ज भरताना तेथेही आजार लिहावा; अन्यथा ज्या दिवशी त्या रकमेची गरज पडेल, त्याच दिवशी वाद उभा राहील.

बालक घरी आल्यावरही परदेशी संस्था दोन वर्षे त्याच्या प्रगतीचा अहवाल पाठवीत असते, पहिल्या वर्षी दर तिमाहीस आणि दुसऱ्या वर्षी दर सहामाहीस. पण घरातील वडीलधाऱ्यांचे काम त्याहून मोठे आणि त्याहून जुने आहे. परदेशी पालकांकडे जाणाऱ्या बालकांत विशेष गरजा असलेली बालके मोठ्या प्रमाणावर असतात. कुणास ऐकू कमी येते, कुणाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झालेली असते. असे मूल सुटीत सोलापूरच्या घरी येईल, तेव्हा आपल्या आईला औषधासाठी आतल्या खोलीत जाताना ते पाहील. आजार ही लपविण्याची गोष्ट आहे, एवढेच त्यातून ते शिकेल आणि स्वतःचे कर्णयंत्रही काढून ठेवील.

म्हणून आरंभ कागदांच्या आधी घरातून व्हावा. पुढच्या समारंभात सूनबाईने इन्सुलिन पंगतीतच घ्यावे आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंनी ताट वाढण्यापूर्वी तिला तेवढा अवधी द्यावा. जी गोष्ट घरच्या पंगतीत सांगता येते, ती कोणत्याही फायलीत लिहिता येते.