पेट्रोल पंपावर वाचत नसतं, राजेहो!

पेट्रोल दोन रुपयांनी वाढलं की नागपुरातल्या प्रत्येक पानठेल्यावर अर्थशास्त्राचा वर्ग भरतो. सरकार कसं लुटतं, कर किती, कच्चं तेल किती... अर्धा तास निघतो. आणि त्याच अर्ध्या तासात ठेल्यासमोर एक तरी गाडी इंजिन आणि एसी चालू ठेवून उभी असते, कारण साहेब खर्रा घोटून घ्यायला उतरलेले असतात! भाव सरकार ठरवतं की कंपन्या, यावर खुशाल भांडा. पण लिटर किती जाळायचं हे आपला पाय ठरवतो, आणि त्याबद्दल कोणी ब्र काढत नाही.

त्याऐवजी आपल्याकडे तोडगे असतात. सकाळी गारव्यात पेट्रोल भरा म्हणे, जास्त येतं. अहो, पंपाची टाकी जमिनीखाली असते. वर मे महिन्यातलं ४५ डिग्री असो की पहाटेचा गारवा, आतल्या पेट्रोलचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. शंभरऐवजी एकशे दहाचं भरा, पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधा... चुंबक विकणाऱ्याचा फायदा होतो, एवढं मात्र नक्की.

सगळ्यात लाडका तोडगा म्हणजे न्यूट्रल. पूल उतरताना किंवा लाल सिग्नल दिसला की गिअर काढून गाडी सोडून द्यायची. कार्ब्युरेटरच्या काळात याला थोडा तरी अर्थ होता. आजच्या इंजेक्शनवाल्या गाडीत गिअर तसाच ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला, की इंजिनला जाणारं इंधनच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये टाकलं तर इंजिन स्वतःला चालू ठेवायला पेट्रोल पितं. म्हणजे बचतीच्या नावाखाली खर्च, वर गाडीवरचा ताबा कमी!

आता इथेनॉलची तक्रार. ती खोटी नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. २० टक्के इथेनॉलमुळे जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज ६-७ टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं. जरूर ओरडा. पण अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार जोरात पळवणं आणि कचकन ब्रेक मारणं यामुळे थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्के मायलेज जातं. सहा टक्क्यांसाठी मंत्र्याला शिव्या आणि चाळीस टक्क्यांसाठी स्वतःला शाबासकी, हा कुठला न्याय बाप्पा?

व्हेरायटी चौकात बघा. पुढचा सिग्नल लाल आहे हे लांबून दिसतंय, तरी भाऊ गाडी रेमटवतो आणि शेवटच्या दहा फुटांत ब्रेक. त्या ब्रेकमध्ये जे तापलं ते त्याचंच पेट्रोल होतं. समृद्धीवर तेच. ८० ऐवजी १२० ने गेलात तर हवेचा विरोध दीडपट नाही, सव्वादोन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो.

आणि उभी गाडी! लहान पेट्रोल कार एसी लावून नुसती उभी असली तरी तासाला साधारण एक लिटर पिते. रोज दहा मिनिटं सिग्नलवर आणि ठेल्यासमोर धरली तर महिन्याला पाच लिटर, म्हणजे शंभरच्या भावाने पाचशे रुपये. एक मीटरही पुढे न जाता!

"मे महिन्यात इंजिन बंद करून मरायचं का?" हा प्रश्न येणारच. गाडीत म्हातारं माणूस किंवा लेकरू असेल तर नका करू बंद. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोणतं कारण आहे? आणि मे महिन्यात तुमच्या मागे स्कूटरवर तोंडाला दुपट्टा बांधून कोणीतरी उभं असतं. तुमच्या एसीची गरम हवा आणि धूर तिच्याच तोंडावर जातो. हिशोबात तीही धरा.

धरमपेठेतून गोकुळपेठच्या बाजारात भाजी आणायला कार काढणाऱ्यांना तर काय बोलावं! थंड इंजिन सुरुवातीच्या दोन-तीन किलोमीटरलाच सगळ्यात जास्त पितं, आणि तिथे पोचेपर्यंत ते तापतही नाही. डिसेंबर २०२२ पासून खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर मेट्रो धावते आहे. सगळ्यांच्या सोयीची नाही, मान्य. पण जिच्या स्टेशनाखालून रोज गाडी नेता, तिच्यात एकदा तरी चढून बघा.

असो. भाववाढीवर बोलायचा हक्क सगळ्यांनाच आहे. फक्त ठेल्यासमोर बोलायला उभं राहण्याआधी किल्ली फिरवून इंजिन तेवढं बंद करा. आणि टायरची हवा शेवटची कधी तपासली होती, आठवतं का?