क्लब कोणाच्या वेगाने धावणार?

२०२४च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधल्या ‘पार्करन’ने विक्रमांच्या याद्या सार्वजनिक नजरेतून काढून टाकल्या. अमुक मार्गावर सर्वांत वेगवान कोण, सर्वाधिक वेळा पहिलं कोण आलं, हे दिसेनासं झालं. बहुतेक ठिकाणी दर शनिवारी सकाळी पाच किलोमीटर धावायचं किंवा चालायचं, पैसे कोणी द्यायचे नाहीत, व्यवस्था स्वयंसेवकांनी बघायची, असा हा उपक्रम. अशा याद्या पाहून नवखा माणूस बिचकतो, हे संयोजकांचं म्हणणं. ते न पटलेल्या हजारो लोकांनी याद्या परत आणा म्हणून सह्या केल्या. धावण्याबद्दल आस्था दोन्ही बाजूंना होती. आपल्याकडे मुंबई-पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, साताऱ्यात जे रनिंग ग्रुप उभे राहिले आहेत, तिथे हा वाद असा चव्हाट्यावर येत नाही. पण दर रविवारी तो असतोच.

मुंबई मॅरेथॉन आणि पार्करन, दोन्ही एकाच वर्षीची. २००४च्या फेब्रुवारीत पहिली मुंबई मॅरेथॉन झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांच्या हाकेला १३ धावक आले. दुखापतीमुळे त्यांना स्वतःला धावता येत नव्हतं, मित्रांशी गाठ तरी पडावी असा हेतू होता. एका उपक्रमाच्या मुळाशी वर्षातून एकदा येणारा मोठा दिवस, दुसऱ्याच्या मुळाशी दर आठवड्याची भेट. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३पासूनची, पण हौशी मंडळी एवढ्या संख्येने रस्त्यावर आली ती मुंबईनंतर. त्यामुळे आपले बहुतेक क्लब मॅरेथॉनच्या पोटी जन्मलेले आहेत. पावसाळ्यात सराव, सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, जानेवारीत मुंबई, आणि फेब्रुवारीत ग्रुपवर शुकशुकाट. अशा क्लबला ‘सर्वांसाठी खुला’ म्हणणं सोपं आहे. प्रत्यक्षात तिथे आधीपासून धावणाऱ्याचीच सोय बघितलेली असते.

तरीही वेगाची बाजू हलकी नाही. रविवारी पहाटे साडेचारला अंथरूण सोडवणारी गोष्ट बहुतेकांच्या बाबतीत एखादं ध्येयच असतं. पहिली टेन के, पहिली हाफ, दोन तासांच्या आत हाफ. ठरलेला पेस शेवटपर्यंत टिकवणारा पेसर कित्येकांना कोचपेक्षा जास्त शिकवतो. ‘सगळे सारखेच’ म्हणत हे सगळं काढून टाकलं, तर मेहनतीने दहा मिनिटं कमी करणाऱ्या माणसाचा आनंद आपण कमी लेखतो. ते मला अन्यायाचं वाटतं.

इथे आणखी एक माणूस विसरला जातो. पहाटे त्याच डांबरी रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावत असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, आणि तिथे एकेका सेकंदाला मोल असतं. फाटक्या बुटांत, कधी अनवाणी, ही पोरं क्लबच्या एकसारख्या टी-शर्टवाल्यांच्या बाजूने सुसाट निघून जातात. बहुतेकदा कोणी कोणाला हाकही मारत नाही. समावेशक म्हणजे हळू धावणाऱ्यांचा, अशी समजूत आपण करून घेतली आहे. पण शहरातला सर्वांत वेगवान धावक हाच क्लबबाहेर राहिलेला सर्वांत गरीब धावकही असू शकतो. घड्याळ काढून टाकून त्याचं काहीच भलं होत नाही.

मग अडतं कुठे? लाँग रन संपतो तिथे उभं राहून बघावं. पहिले आलेले घाम पुसून स्ट्रेचिंगच्या गोलात उभे असतात. केळी संपत आलेली, पाण्याचे जार अर्धे गाडीत चढवलेले. ग्रुप फोटो निघतो, ‘चला, नाश्त्याला’ अशी हाळी येते. आणि वळणावरून एक बाई येताना दिसते. महिनाभरापूर्वी सामील झालेली, अर्धं धावत, अर्धं चालत. तिला पाहून दोघं-तिघं टाळ्या वाजवतात, मनापासून वाजवतात. पण पाणी गाडीत आहे आणि फोटो निघालेला आहे. तिच्याशी कोणी वाईट वागलेलं नसतं, तरी पुढच्या रविवारी ती येत नाही.

या बाबतीत पार्करनची एक पद्धत मला विक्रमांच्या यादीपेक्षा फार मोलाची वाटते. तिथे सर्वांत मागे एक स्वयंसेवक चालतो आणि ठरवून शेवटचा येतो. त्यामुळे बाकी कोणाचाच नंबर शेवटचा लागत नाही. आपल्याकडे स्पर्धांत स्वीपर असतो, क्लबच्या रविवारी मात्र क्वचितच. दुसरा उपाय त्याहून सोपा आणि बिनखर्चाचा. अंतरावर न वळता वेळेवर वळायचं. सगळ्यांनी पंचवीस मिनिटं जायचं, शिट्टी झाली की जिथे असू तिथून परत फिरायचं. वेगवान पाच किलोमीटर जाऊन येतात, नवखे अडीच, आणि थोड्याफार फरकाने सगळे बरोबरच पोचतात. फोटोही सगळ्यांचा निघतो.

निघण्याच्या वेळेचा प्रश्न मात्र असा सुटत नाही. मुंबईच्या दमट हवेत लांब धावणाऱ्याला पाचच्या आत निघावं लागतं, यात हट्ट नाही. पण पाचला रस्त्यावर अंधार असतो, कुत्री असतात, उघडं स्वच्छतागृह नसतं. घरात पाणी येण्याची वेळ आणि मुलांचे डबे कोणाच्या माथी असतात, हे सांगायला नको. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या लता करे यांचं महाराष्ट्राने भरभरून कौतुक केलं. नऊवारीतली बाई आपल्या क्लबात आली, तर पहिला प्रश्न तिच्या बुटांचा निघेल की तिला कुठली वेळ जमते याचा? माझ्या मते लाँग रन पहाटेच राहावा, आणि त्याच्या जोडीला साडेसहाची छोटी धाव असावी, मैदानाच्या फेऱ्यांची, जिथे स्वच्छतागृह आहे आणि मागे पडलेला माणूसही सगळ्यांना दिसत राहतो. बायकांची वेगळी बॅच हवी का, यावर मतं टोकाची आहेत. सुरुवातीला ती हवी, कारण लोकांच्या नजरा टाळून पहिला महिना काढता येतो. मात्र क्लबचे निर्णय पुरुषांच्याच बैठकीत होणार असतील, तर ती बॅच कोपऱ्यातच राहील.

पैशांबद्दल मी पार्करनइतका ठाम नाही. २०१६मध्ये ब्रिस्टलजवळच्या लिटल स्टोक इथे स्थानिक परिषदेने उद्यानाच्या देखभालीसाठी त्यांच्याकडे पैसे मागितले. त्यांनी नकार दिला आणि तिथला उपक्रमच बंद केला. तत्त्व जपलं गेलं, पण तिथल्या लोकांची शनिवारची धाव गेली. फुकट म्हणजे बिनखर्चाचं नसतं, कोणीतरी वेळ देऊन तो खर्च उचलत असतो. जाणता कोच मानधन मागत असेल तर ते त्याला मिळालं पाहिजे. म्हणून स्पर्धेच्या तयारीचा कार्यक्रम सशुल्क असायला हरकत नाही, पण आठवड्याची एक धाव पूर्ण मोफत असावी. टी-शर्टची सक्ती नको. भरतीच्या पोरांना तयारीच्या कार्यक्रमातही फी माफ असावी, आणि त्यासाठी त्यांना अर्ज करायला लावू नये. त्याच्या बदल्यात ही पोरं क्लबला जो वेग देतील, तो पैसे मोजूनही मिळणार नाही.

घड्याळं, पीबी म्हणजे स्वतःची सर्वोत्तम वेळ, पेसर राहू देत. ग्रुपवर दर सोमवारी वेळांची यादी टाकायची की नाही, हे क्लबने आपसात ठरवावं. माझं मत, ज्याची त्याची वेळ ज्याला त्याला कळवावी आणि ग्रुपवर फक्त पहिल्यांदा आलेल्यांची नावं टाकावीत.

या सगळ्याची किंमत वेगवान, जुन्या सभासदांनाच द्यावी लागेल. शिट्टीवर वळताना त्यांचं अंतर मोजूनमापून होणार नाही. पाळीने मागे चालताना दीड-दोन महिन्यांतून एक लाँग रन जाईल, आणि जानेवारीच्या तोंडावर तो गेलेला जिव्हारी लागतो. हे नुकसान खरं आहे. हंगामाच्या पहिल्या बैठकीतच ते त्यांच्यासमोर ठेवावं, पाळ्यांचा तक्ता तिथेच लावावा आणि त्यात पहिलं नाव क्लबच्या अध्यक्षांचं असावं.